कोरोनात थांबलेली कॅन्सर तपासणी: काय बंद पडलं, काय राहून गेलं आणि आता गावातल्या माणसानं काय करायचं

कोरोनाच्या आधी गावात तपासणी म्हटलं की बीपी, शुगर आणि फार तर डोळ्याचं शिबिर. मार्च २०२० नंतर या शब्दाचा अर्थच बदलला. तपासणी म्हणजे नाकात काडी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की अ‍ॅम्ब्युलन्स दारात, गल्लीला बांबू आडवे, माणूस कोविड सेंटरला आणि भावकी चार हात लांब. लोक तपासणी या शब्दालाच भ्यायला लागले. आशाताई दारात दिसली की आतूनच "घरी कुणी नाही" असं सांगणारी घरं गावोगावी होती.

याच धांदलीत दुसरी एक तपासणी गुपचूप बंद पडली. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही की ग्रामसभेत विषय निघाला नाही. झालीच नाही ती तपासणी कुणाच्या लक्षात येणार? कोरोना गेला, मास्क गेले, पण त्या दोन वर्षांत राहिलेली ही तपासणी अनेक घरांत आजही राहिलेलीच आहे. नेमकं काय थांबलं, त्यानं किती बिघडलं आणि आता काय भरून काढता येतं, याची ही माहिती.

मुळात ही तपासणी काय असते

एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी. दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जाणं वेगळं आणि काहीच दुखत नसताना आजार शोधणं वेगळं. इथे बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. माणूस धडधाकट असतो, शेतात काम करतो, पण तोंडात एखादा पांढरा चट्टा असतो किंवा पिशवीच्या तोंडाशी पेशी बदलायला लागलेल्या असतात. त्या वेळी सापडलं तर उपचार छोटा असतो. कधी कधी तर कॅन्सर व्हायच्या आधीच काम होतं.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक माणसाची रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तोंडाची तपासणी, आणि महिलांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी, पाच वर्षांतून एकदा, असं त्यात ठरलं. सुरुवात आशाताईपासून होते. ती घरी येऊन एक फॉर्म भरते. तंबाखू खाता का, घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार आहे का, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही असं झालंय का, छातीत गाठ लागते का, पाळी सोडून मधेच अंगावरून जातं का, असे प्रश्न त्यात असतात. ज्याचे गुण चारच्या वर जातात त्याला आधी तपासणीला पाठवायचं. तोंड आणि स्तनाची तपासणी उपकेंद्रात होऊ शकते. गर्भाशयमुखाची प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात, जिथे शिकलेली नर्स किंवा डॉक्टर असेल तिथे.

मशीन यात जवळजवळ लागत नाही. तोंडात टॉर्च मारून बघतात. स्तनाची तपासणी हातानं. गर्भाशयमुखाच्या तपासणीला व्हीआयए म्हणतात. त्यात व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाचा बोळा लावून एक मिनिट थांबतात. भाग पांढरा झाला तर पुढची तपासणी. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भूल नाही, टाका नाही.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात कोरोनाच्या आधीसुद्धा फार थोड्यांपर्यंत पोहोचलं होतं, हे सांगायलाच हवं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या महिलांना विचारलं, तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली आहे असं सांगणाऱ्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. स्तनाची ०.९ टक्के, तोंडाची ०.९ टक्के. त्याच वयाच्या पुरुषांत तोंडाची तपासणी १.२ टक्के. म्हणजे शंभर बायकांत दोघीसुद्धा नाहीत. कोरोनानं भरलेली विहीर आटवली असं नाही. विहीर खणायला नुकती सुरुवात झाली होती, तेवढ्यात कामावरची माणसंच दुसरीकडे नेली.

नेमकं काय थांबलं

२४ मार्च २०२० च्या रात्रीपासून देशात लॉकडाऊन लागला. साथीत सगळ्यात आधी बंद होते ती अशीच तपासणी, आणि त्याला कारणं आहेत. ज्यांना बोलवायचं ते आजारी नसतात, म्हणून "नंतर बघू" म्हणणं सोपं. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात वीतभर अंतर असतं, आणि तोंडाच्या तपासणीत तर मास्क काढून तोंड उघडायला लावायचं. जो विषाणू तोंडातून पसरतो त्याच्या साथीत कोणती नर्स दिवसाला तीस तोंडं बघेल? शिबिर म्हटलं की गर्दी, आणि गर्दीला बंदी.

जगभर हेच झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये १५५ देशांकडून माहिती घेतली. निम्म्याहून जास्त देशांनी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारखे सरकारी तपासणी कार्यक्रम पुढे ढकलले होते. अमेरिकेत गरीब महिलांसाठी सरकारी तपासणी कार्यक्रम आहे. तिथे एप्रिल २०२० मध्ये स्तनाच्या तपासण्या आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ८७ टक्क्यांनी आणि गर्भाशयमुखाच्या ८४ टक्क्यांनी कमी झाल्या. पण त्या देशांत बाईला पत्र जातं, तारीख मिळते, चुकली तर पुन्हा पत्र येतं. आपल्याकडे असं पत्र नाही. आशाताईच आपलं पत्र, आणि तिलाच कोरोनाच्या कामाला लावलेलं.

आपल्या देशाची सगळ्यात भरवशाची आकडेवारी नॅशनल कॅन्सर ग्रिडकडून आली. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं देशातली कॅन्सर रुग्णालयं जोडणारी ही साखळी आहे. त्यातल्या ४१ केंद्रांनी १ मार्च ते ३१ मे २०२० आणि २०१९ चे तेच तीन महिने यांची तुलना केली. २०२१ मध्ये ती लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात छापून आली. नव्या रुग्णांची नोंदणी १ लाख १२ हजारांवरून ५१ हजार ७६० वर आली, म्हणजे ५४ टक्के कमी. फेरतपासणीला येणारे ४६ टक्के कमी. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्के कमी. गाठीचा तुकडा वगैरे तपासणाऱ्या पॅथॉलॉजीच्या चाचण्या ३८ टक्के कमी. आणि या ४१ पैकी ७० टक्क्यांहून जास्त केंद्रांत निरोगी माणसांची कॅन्सर तपासणी एक तर पूर्ण बंद होती किंवा नेहमीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी चालली होती.

इथे थोडं थांबून विचार करा. नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली म्हणजे कॅन्सर निम्म्यानं कमी झाला असं नाही. तो होत होता तसाच होत राहिला. फक्त माणसं घरी बसली.

गाव ते दवाखाना, कडी कडी तुटली

शहरात एक दवाखाना बंद असला तर माणूस दुसऱ्यात जातो. गावातून कॅन्सरच्या निदानापर्यंतचा रस्ता म्हणजे साखळी आहे: आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, तिथे तुकडा काढणं, मग बार्शी किंवा मुंबई. एक कडी तुटली तरी माणूस तिथेच अडकतो. कोरोनात सगळ्याच तुटल्या.

आशाताई सकाळी थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन निघायची. पुण्या-मुंबईहून कोण आलं, कुणाला ताप आहे, कोण क्वारंटाइन आहे, याची यादी तिच्याकडे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम काढली आणि ती पुन्हा घरोघर फिरली. तेव्हा ताप, ऑक्सिजन आणि आधीपासून असलेले आजार नोंदवले गेले. म्हणजे घरात पाऊल पडलं, पण ज्या गाठीची किंवा चट्ट्याची खुद्द घरच्यांनाच खबर नाही तो शोधणं हे त्या मोहिमेचं काम नव्हतं. आशाताईंना दोष देण्यात अर्थ नाही. इतकं राबूनही मानधनासाठी जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्स आणि डॉक्टर कोविड सेंटरला. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं बऱ्याच ठिकाणी कोविडसाठी राखीव. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालं तेव्हा हीच माणसं लसीच्या टेबलावर बसली. ते गरजेचंच होतं. पण हात तेवढेच आणि कामं दुप्पट.

मग प्रवास. एसटी बंद, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, खाजगी गाडीचं भाडं परवडेना. रुग्णालयात पोचलं तर आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा. मुंबईला गेलेल्यांचे हाल आणखी वेगळे, कारण लोकल बंद, राहायची सोय बंद. एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट तर गावात घुसली होती. त्या दिवसांत छातीत लागलेली सुपारीएवढी गाठ घेऊन कोण बाई ऑक्सिजनसाठी धावपळ चाललेल्या दवाखान्यात जाणार होती?

आणि लाट ओसरली तरी रस्ता मोकळा झाला नाही. याची आठवण फार कमी जणांना राहिली आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संपाची बाजू बरोबर की चूक हा इथला विषय नाही. पण ज्या गावाला लालपरी सोडून दुसरं काही येत नाही, तिथल्या बाईसाठी तालुक्याचा दवाखाना आणखी सहा महिने लांब गेला. शहरातल्या अहवालात "सेवा पूर्ववत" असं लिहिलं जातं तेव्हा हे त्यात धरलेलं नसतं.

एक-दोन वर्षं चुकली तर किती बिघडतं?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तिन्ही कॅन्सरची चाल वेगळी आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हळू चालतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून ज्या बाईला काही त्रास नाही, तिची तपासणी एक-दोन वर्षं पुढे गेली तर लगेच घात होत नाही. पण आपल्याकडे एक-दोन वर्षं नाही, संपूर्ण फेरी हुकली. २०२० मध्ये तपासायची बाई पुन्हा कधी तपासली गेली? बहुतेक ठिकाणी उत्तर आहे, कधीच नाही. त्यात आणखी एक अडचण आहे जी कुणी बायकांना सांगत नाही. पाळी थांबल्यावर व्हीआयए तपासणी तितकी भरवशाची राहत नाही, कारण बघायचा भाग आत सरकतो. २०२० मध्ये ४६ वर्षांची असलेली बाई तेव्हा या साध्या तपासणीत बसत होती. आज तिची पाळी गेली असेल तर तिला एचपीव्ही किंवा पॅप चाचणीच चांगली, आणि ती प्रत्येक आरोग्य केंद्रात होत नाही.

या तपासणीबद्दल जगाला जे कळलं, त्यातलं बरंच आपल्याच भागातून कळलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिला त्यात घेतल्या. गावांचे ५२ गट केले आणि एचपीव्ही चाचणी, पॅप, व्हीआयए आणि नेहमीची सेवा अशा चार वाटण्या केल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या व्हीआयएनं तसा ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे व्हीआयए वाया गेली का? नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटानं १९९८ पासून दुसरा अभ्यास केला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या व्हीआयए केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मुद्दा कळतो. व्हीआयए ही खुरपणीसारखी आहे, एकदा करून भागत नाही, वेळेवर पुन्हा करावी लागते. आपल्या सरकारी केंद्रांत मुख्यतः व्हीआयएच आहे, आणि कोरोनानं मोडली ती नेमकी ही "पुन्हा"ची सवय. ती लागण्याआधीच मोडली.

स्तनाच्या कॅन्सरला इतका धीर नसतो. मुंबईच्या त्याच अभ्यासात सेविकांनी हातानं स्तन तपासले. वीस वर्षांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे ऐन कोरोनात, बाहेर आले. तपासलेल्या महिलांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या महिलांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्या महिलांत मात्र मृत्यूत तसा फायदा दिसला नाही. मॅमोग्राफीचं मशीन नसलेल्या तालुक्याला ही मोठी गोष्ट आहे, पण तेव्हा ही बातमी ऑक्सिजनच्या बातम्यांखाली गेली.

तोंडाच्या कॅन्सरची तऱ्हा न्यारी. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री लावणाऱ्यांची तपासणी केल्यानं काय होतं हे केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या गावांत पाहिलं गेलं. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोरोनात दातांचे दवाखाने बंद होते किंवा फक्त तातडीचं काम करत होते. तोंडावर मास्क, आणि तोंड उघडून बघायला कुणी तयार नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या आदेशानं तंबाखू-गुटख्याच्या विक्रीवर आणि रस्त्यावर थुंकण्यावर बंदी आली. काहींची सवय खरोखर सुटली. पण बऱ्याच गावांत पुडी दुप्पट-तिप्पट भावानं मिळतच होती, हे कुणाला सांगायला नको. गुटख्याला तर आपल्या राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे.

हे झालं काही त्रास नसलेल्यांचं. ज्याला त्रास सुरू झालाय त्याचा हिशोब पूर्ण वेगळा. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांचे अभ्यास एकत्र करून एक आढावा आला. त्यानुसार कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूची जोखीम ६ ते ८ टक्क्यांनी वाढते. चार आठवडे म्हणजे एक महिना. आपल्याकडे "सोयाबीन निघू दे, मग जाऊ" म्हणता म्हणता दोन महिने जातात.

जे चालू राहिलं तेही सांगायला हवं

सगळं बंद होतं असंही नाही. टाटा मेमोरियलनं कोरोनात कॅन्सरचे उपचार थांबवायचे नाहीत असं ठरवलं. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे आधी ठरवलेल्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यात एकही मृत्यू झाला नाही, असं तिथल्या डॉक्टरांनीच नंतर प्रसिद्ध केलं. बार्शी आणि मुंबईच्या वाटेवर जे पोचले त्यांना उपचार मिळत होते. अडचण पोचण्याची होती. एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनी ही मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलायची सरकारी सोय आली. औषध लिहून घ्यायला ती चांगली, पण मोबाइलवर गाठ हाताला लागत नाही.

बार्शीची एक जुनी गोष्ट इथे आठवावी अशी आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी १९८७ मध्ये तिथे कॅन्सर नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची, आणि नावं लिहिताना लोकांना लक्षणंही सांगायची, अंगावरून जास्त जात असेल तर दवाखान्यात चला म्हणायची. तेव्हा गावांत कुठलीही तपासणी मोहीम नव्हती. तरी काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात घेऊन येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. नुसत्या बोलण्यानं. म्हणून पुन्हा कधी साथ आली, केंद्रं बंद पडली, तरी लक्षणं माहीत असलेलं घर पूर्ण उघडं पडत नाही.

आता कुणी, कुठे, कसं जायचं

तीस वर्षांच्या पुढचे सगळे, काही त्रास नसला तरी. आरोग्यवर्धिनी केंद्र, ज्याची पाटी आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी झाली आहे, तिथे जाऊन तपासणीचा वार विचारा. गर्भाशयमुखाची तपासणी तिथे नसेल तर ती कुठे आणि कोणत्या दिवशी होते हेही विचारा. पाळीच्या दिवसांत ती होत नाही, त्यामुळे पाळी संपल्यावर जायचं. पाळी बंद झालेल्या बाईनं ते आधीच सांगावं, म्हणजे योग्य चाचणीसाठी पुढे पाठवता येईल. आधार कार्ड न्यावं आणि जुनी चिठ्ठी असेल तर तीही. २०२० च्या आधी फॉर्म भरलेला असला तर तो झाला असं धरू नका. पाच वर्षं होऊन गेली.

व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा नव्हेच. पुढची तपासणी लागेल, आणि कॅन्सरपूर्व बदल असला तर तो थंड किंवा गरम करून जाळण्याचा छोटा उपचार आहे.

याला जोडून एक सावधगिरी. अंगावरून पांढरं जातं म्हणून "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगून शस्त्रक्रिया केल्याचे प्रकार बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या बाबतीत पुढे आले होते. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. नुसतं पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नाही. कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, विचारा. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनी तोंडाची आणि स्तनाची तपासणी मात्र सोडू नये.

तपासणीच्या वाराची वाट न बघता लगेच जायचं ते या वेळी: तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तोंडात आपली तीन बोटं उभी जाईनात, स्तनात किंवा काखेत गाठ लागते, बोंडीतून रक्तासारखं येतं, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर अंगावरून लाल जातं. "गरमीनं तोंड आलंय" हे दोन आठवड्यांपर्यंत ठीक आहे. त्यापुढे नाही. आणि यात पुरुष मंडळी मागे राहतात. बायकोला शिबिराला सोडायला गाडी घेऊन येतात आणि स्वतः तोंडात बार भरून बाहेर झाडाखाली थांबतात. आत जाऊन तोंड दाखवायला पाच मिनिटं लागतात.

लसीबद्दल अजूनही विचारलं जातं. कोरोनाच्या लसीनंतर काही जणींना त्याच बाजूच्या काखेत गाठ सुजायची. ती सूज काही आठवड्यांत उतरायची. पण "लसीची गाठ आहे" म्हणून आजपर्यंत एखादी गाठ तशीच असेल तर ती लसीची नाही, दाखवायलाच हवी.

निदान झालंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. कोरोनातच, मे २०२० मध्ये, ही योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली आणि आता मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती व्हायच्या आधी तिथे रेशन कार्ड आणि आधार दाखवायचं. तंबाखू सोडायची असेल तर १८००११२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. मुलींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीची लस २०२३ पासून बाजारात आली आहे. ती घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे काम पोळ्याच्या सुमारास उरकावं. काही निघालं तर तुकडा, रिपोर्ट आणि पुढचा उपचार यांना दोन-तीन चकरा लागतात, आणि टोळी एकदा कारखान्यावर गेली की परत यायला पाडवा उजाडतो.